साड्यांच्या पिशव्या, मण्यांच्या बरण्या आणि न लिहिलेली गोष्ट

सल्ल्यासाठी आलेलं पत्र असं आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि पत्र आटोपशीर केलं आहे):

"माझं वय ४३. कोथरूडला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. तिशीतच चालताना डाव्या पायाची बोटं आत वळायला लागली, मग हात थरथरायला लागला. हा पार्किन्सन्स आहे हे कळायलाच दोन वर्षं गेली. थोरला भाऊ नाशिकला असतो, त्यालाही हेच. आमचे आईवडील आते-मामे भावंडं. तपासणीत आम्हा दोघांच्याही पार्किन नावाच्या जनुकात दोष निघाला. लेव्होडोपा आणि प्रॅमिपेक्सोल चालू आहे. दोन वर्षांपूर्वी प्रॅमिपेक्सोल वाढवली आणि माझं चालणं एकदम सुधारलं.

पण त्यानंतर मी साड्या घेत सुटले आहे. लक्ष्मी रस्त्यावरून घेते, मोबाइलवरून मागवते. नेसत नाही, लेबलंही काढलेली नाहीत. पिशव्या माळ्यावर लपवते. रविवार पेठेतून मणी आणते आणि रात्री दोन-तीनपर्यंत रंगांप्रमाणे निवडत बसते. निवडून झाले की पुन्हा एकत्र ओतते. रात्रीच फरसाणाचा डबा संपवते. दिवाळीनंतर पाटल्या गहाण टाकल्या, ह्यांना ठाऊक नाही. एकदा मनानेच ती गोळी चार दिवस बंद केली, तर घाम, धडधड, रडू, जीव नकोसा झाला. पुन्हा सुरू केली. वहिनीने सांगितलं म्हणून कवचबीजाचं चूर्णही घेते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते गोळी काढून घेतील आणि मी खुर्चीला खिळेन. हा माझा स्वभाव आहे, रक्तातला दोष आहे की गोळीचा? माझ्या मुलीला हे होईल का? आणखी एक गोष्ट आहे, ती इथे लिहीत नाही."

ताई,

आधी एक काम सांगते. बाकीचं उत्तर ते काम झाल्यावर वाचलंत तरी चालेल. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. उद्याच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन करा आणि "गोळ्यांच्या दुष्परिणामांबद्दल बोलायचं आहे, लवकरची वेळ द्या" एवढंच सांगा. फोनवर याहून जास्त सांगायची गरज नाही. आणि ती भेट होईपर्यंत प्रॅमिपेक्सोलमध्ये काहीही बदल करू नका. अर्धी करणं, एक दिवस चुकवणं, बंद करून पाहणं, यातलं काहीच नको. का ते पुढे लिहिते.

आता तुमचा प्रश्न. स्वभाव, रक्त की गोळी? सगळ्यात मोठा वाटा गोळीचा आहे. त्याखालोखाल वाटा या गोष्टीचा, की आजार तुम्हाला फार लवकर झाला आणि त्यामुळे ही औषधं तुम्हाला वर्षानुवर्षं घ्यावी लागली. स्वभावाचा वाटा असलाच तर थोडा. तुमच्या पत्रातही हा क्रम दिसतो. गोळी वाढली, चालणं सुधारलं, आणि त्यानंतर साड्या सुरू झाल्या. तुम्ही हे लिहिलंत, पण लिहिताना त्याकडे तुमचं लक्ष गेलं नसावं.

प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिनची चिकटपट्टी ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीचे आणि ओढीचे निरोप पोचवणारं रसायन, कमी पडतं, तेव्हा ही औषधं डोपामिनचं सोंग घेऊन त्याचं काम करतात. अडचण अशी की पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या सगळ्या भागांतलं डोपामिन सारखं आटत नाही. हालचाल सांभाळणारा भाग आधी कोरडा पडतो. हौस, ओढ, "आणखी एकदा" ही भावना जिथून उठते, तो भाग बराच काळ शाबूत असतो. पाटाला पाणी सोडलं की सुकलेलं रान ते पिऊन घेतं आणि शेजारचं आधीच ओलं असलेलं रान चिबडतं, तसं हे होतं. तुमचे पाय चालते झाले ते त्याच पाण्याने, आणि माळ्यावरच्या पिशव्याही त्याच पाण्याच्या. त्यातही प्रॅमिपेक्सोल डोपामिनच्या ज्या ग्राहकांना (म्हणजे पेशींवरच्या डोपामिन टिपणाऱ्या जागांना, रिसेप्टर्सना) जास्त घट्ट धरते, ते नेमके या ओढीच्या भागात जास्त असतात.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या मनात असेल असं मला वाटतं: "मला कळतं, तरी वळत का नाही?" कळणं आणि थांबणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. नुकसान झालं की एरवी मेंदू ते टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी हात आखडतो. ही औषधं नेमकं हे टिपून ठेवणं बोथट करतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पाटल्या गहाण पडल्याचं दुःख तुम्हाला खरंच झालं असणार. फक्त पुढची साडी समोर आली तेव्हा त्या दुःखात हात धरण्याइतका जोर उरला नव्हता. म्हणून "मनावर ताबा ठेव" असं कोणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. ज्या यंत्रणेने ताबा ठेवायचा, तीच गोळीखाली दबलेली आहे.

हे फक्त तुम्हालाच झालं आहे असंही नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ११ रुग्णांबद्दल लिहिलं. पार्किन्सन्सचे हे रुग्ण औषध सुरू असताना जुगाराच्या पूर्ण आहारी गेले होते आणि त्यांतले बहुतेक प्रॅमिपेक्सोल घेत होते. २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं आणि अनावर लैंगिक वागणूक यांपैकी निदान एक गोष्ट १३.६ टक्के रुग्णांमध्ये होती. या घराण्यातलं औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत ६.९. पुढे फ्रान्समध्ये रुग्णांवर काही वर्षं सलग लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना कधी ना कधी हा त्रास झाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि ज्यांना पार्किन्सन्स आहे पण औषध अजून सुरू झालेलं नाही, अशांना तपासलं तेव्हा त्यांच्यात हे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा जास्त नव्हतं. तुमच्या शंकेला मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मण्यांचंही असंच आहे. त्या वागण्याला वैद्यकात पंडिंग म्हणतात. निवडणं, लावणं, उघडणं, मोडणं, पुन्हा जुळवणं, हे सगळं हेतूशिवाय तासन् तास चालतं. कोणी घड्याळं खोलत बसतं, कोणी कपाटातले कागद लावत. बहुतेक वेळा माणसाच्या हाताला आधीपासून जे काम ठाऊक असतं, तेच पुन्हा पुन्हा होत राहतं. तुम्ही पूर्वी दागिने ओवत होतात का? असाल तर तुमच्या कलेला कमीपणा आणणारं यात काही नाही. थांबवलं की चिडचिड होते आणि झोपेचं पार खोबरं होतं, त्यामुळे घरातले याला छंद म्हणून सोडून देतात. डॉक्टरांना मात्र तो छंद म्हणून सांगू नका. "रात्री किती वाजेपर्यंत" आणि "आठवड्यातून किती रात्री" हे सांगा.

आता रक्ताचं. पार्किन जनुकाचा शोध जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये लावला. या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून) बिघडलेल्या असतील तर आजार बहुधा चाळिशीच्या आत दिसतो. पायाची बोटं वळणं ही त्याची एक जुनी ओळखीची खूण आहे, म्हणजे तुमची सुरुवात अगदी तिथूनच झाली. या प्रकारात काही गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. आजार हळू पुढे सरकतो, स्मरणशक्ती आणि बुद्धी बहुधा चांगली राहते, लेव्होडोपाचा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं त्या औषधाचा, गुण थोड्या मात्रेतही चांगला येतो. पण आजार लवकर सुरू झाल्यामुळे औषधांची वर्षं जास्त होतात. शिवाय तरुण रुग्णांना डॉक्टर अनेकदा प्रॅमिपेक्सोलसारखं औषध आधी देतात, कारण लेव्होडोपाने अंगाची वेडीवाकडी हालचाल लवकर सुरू होण्याची भीती असते. कमी वय आणि हे औषध, या दोन्ही गोष्टी अनावर वागण्याचा धोका वाढवणाऱ्या आहेत, आणि पार्किनच्या रुग्णाच्या वाट्याला त्या बहुधा एकत्र येतात. पार्किनच्या रुग्णांची इतर पार्किन्सन्स रुग्णांशी तुलना करणारा एक छोटा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पार्किनच्या रुग्णांमध्ये हे वागणं जास्त तीव्र दिसलं. अभ्यास छोटा असल्यामुळे त्यावरून कोणाचंही भविष्य सांगता येणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला हे प्रश्न दर भेटीला विचारायला हवेत, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. ते विचारत नसतील तर तुम्ही सांगा.

घरात कोणाला दारूचं, मटक्याचं, पत्त्यांचं व्यसन होतं का, हेही त्यांना सांगा. त्याचाही संबंध असतो. वडिलांची बदनामी होईल असा विचार करू नका. डॉक्टरांना मात्रा ठरवायला ही माहिती उपयोगी पडते.

तुमची भीती अशी आहे की डॉक्टर गोळी काढून घेतील. ही भीती मला पूर्णपणे समजते. ज्या बाईने पायावर पाय टाकून बसण्यासाठीसुद्धा गोळी लागू होण्याची वाट पाहिली आहे, तिला "दुष्परिणाम सांगा" म्हणणं सोपं आहे; सांगणं सोपं नाही. म्हणून डॉक्टर खरोखर काय करतील ते आधी समजून घ्या. ते एकदम काही बंद करणार नाहीत. मात्रा पायरीपायरीने, काही आठवड्यांत उतरवतील. हालचालीतली तूट भरून काढायला लेव्होडोपा थोडी वाढवतील किंवा थोडी थोडी करून जास्त वेळा देतील. अंगाची वेडीवाकडी हालचाल वाढली तर त्यावरही उपाय आहेत. पुढे कधी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे डीबीएसचा विचार होऊ शकतो, पण ते आजचं काम नाही आणि त्याआधी मनाची नीट तपासणी करावीच लागते. मधले काही आठवडे तुमची हालचाल थोडी जड होईल. हे मी लपवणार नाही. त्या काळासाठी नोकरीतून रजेची आणि घरातल्या मदतीची तजवीज आधी करून ठेवा. पण जड हालचाल आणि खुर्चीला खिळणं यात फार अंतर आहे, आणि ज्या प्रकारात लेव्होडोपाचा गुण इतका चांगला येतो त्यात तर आणखीच.

ज्या फ्रेंच अभ्यासाबद्दल वर लिहिलं, त्यात औषध बंद केलेल्यांपैकी निम्म्यांचा त्रास साधारण वर्षभरात सुटला. म्हणजे तो सुटतो, पण वेळ लागतो. पहिल्याच महिन्यात साड्यांची ओढ गेली नाही म्हणून निराश होऊ नका. डॉक्टरांच्या जोडीला मानसोपचारतज्ज्ञ असला तर हा काळ सोपा जातो. वागणं बदलण्याच्या समुपदेशनाचा या त्रासात उपयोग होतो, हेही पाहिलं गेलं आहे.

तुम्ही चार दिवस गोळी बंद केलीत तेव्हा जे झालं, त्यालाही नाव आहे. या औषधांची मात्रा उतरवताना काहींना भीती, धडधड, घाम, अंगदुखी, खोल निराशा असा त्रास होतो. लेव्होडोपा जास्त घेऊनही तो थांबत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा सविस्तर वर्णन केलं. ज्यांना अनावर वागण्याचा त्रास आधीच आहे, त्यांना हा धोका जास्त असतो. म्हणून ते चार दिवस डॉक्टरांना जरूर सांगा. ते ऐकून डॉक्टर उतरण्याचा वेग कमी ठेवतील. पार्किन्सन्सची औषधं झटक्यात थांबवल्याने क्वचित तीव्र ताप, शरीर लाकडासारखं ताठणं आणि शुद्ध हरपणं असं जिवावरचं संकटही येतं. म्हणून वर इतकं कडक लिहिलं.

आणि कवचबीज. वहिनींचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी, आणि कंपवातावर, म्हणजे याच आजारावर, ते आपल्याकडे फार पूर्वीपासून दिलं जातं. त्यात गुण आहे, कारण त्यात लेव्होडोपाच असतो. तुम्ही आधीच तेच औषध गोळीतून घेता आहात. चूर्णात त्याचं प्रमाण किती आहे हे चमच्यावरून कळत नाही, पुडीगणिक ते बदलतं. त्यामुळे तुमच्या पोटात रोज एकूण किती डोपामिनचं औषध जातं, हे आज तुमच्या डॉक्टरांनाही माहीत नाही. चूर्णाची पुडी भेटीला बरोबर न्या, रोज किती घेता ते सांगा, आणि ते कसं थांबवायचं हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. रागावतील म्हणून लपवू नका. कोथरूडपासून पेठांपर्यंत निम्म्या घरांत काही ना काही काढा-चूर्ण चालू असतं, हे पुण्यातल्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे.

आता तुम्ही न लिहिलेल्या गोष्टीबद्दल. मी अंदाज करत बसणार नाही. पण या आजारात माणसं ज्या गोष्टी लिहीत नाहीत, त्या कोणत्या ते सांगते, म्हणजे तुमची त्यांत असेल तर ती आधीच कोणाच्या तरी तोंडून निघाली आहे एवढं तरी तुम्हाला कळेल. पहिली, शरीरसंबंधाची अनावर इच्छा, नवऱ्याकडे सतत मागणी, किंवा मोबाइलवर जे पाहिलं नसतं ते पाहणं, अनोळखी माणसांशी बोलणं. बायका हे पुरुषांपेक्षाही कमी सांगतात, कारण बाईला अशी इच्छा होते हेच आपल्याकडे मान्य नाही. दुसरी, पैसे लावून खेळणं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशात २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, पण ओढ कायद्याने जात नाही; ती लॉटरीकडे किंवा शेअरच्या वायद्यांकडे वळते. तिसरी, सांगितल्यापेक्षा जास्त लेव्होडोपा घेणं, गोळ्या साठवून ठेवणं, एका गोळीचा असर उतरायच्या आत दुसरी टाकणं. आणि चौथी, जगणं नको वाटणं.

यांतली पहिली, दुसरी किंवा तिसरी असेल, तर ती सांगण्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. एका कागदावर लिहा: "गोळी वाढवल्यापासून मला पुढील गोष्टी आवरत नाहीत", आणि खाली पाच-सहा ओळी. साड्या, मणी, रात्रीचं खाणं, गहाण पाटल्या, चूर्ण, आणि ती गोष्ट. कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि ते वाचत असताना खिडकीबाहेर बघा. या त्रासासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे छोट्या प्रश्नावल्याही असतात, त्यात हो-नाहीवर नुसती खूण करायची असते, ती मागा. पहिली पाच मिनिटं एकटीने आत जायचं असेल तर दारातच तसं सांगा, तो तुमचा हक्क आहे. आणि चौथी असेल, तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. आजच, आत्ता, घरातल्या एकाला सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

पैशाचं सांगते. ज्या दिवशी डॉक्टरांकडे जाल, त्याच दिवशी यजमानांना बरोबर न्या आणि पाटल्यांची गोष्ट तिथेच सांगा. घरी स्वयंपाकघरात सांगितलीत तर ती आधी "तू मला फसवलंस" अशी ऐकली जाईल. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी औषधाचं समजावलं आणि मग तुम्ही पाटल्यांबद्दल बोललात, तर तीच गोष्ट आजाराच्या हिशेबात बसेल. ते चिडतील, कदाचित काही दिवस बोलणारही नाहीत. तो राग त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका, पाटल्या त्यांच्याही संसारातल्या होत्या. पण आज ना उद्या व्याजाची नोटीस घरी येणारच आहे. तिच्यातून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

मग दोघांनी मिळून क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी करून घ्या. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधूनच बंद करता येतात. यूपीआय ज्या खात्याला जोडलं आहे त्यात भाजी-रिक्षापुरतेच पैसे ठेवा. खरेदीची ॲप्स आणि त्यांच्यात साठवलेले कार्डाचे क्रमांक काढून टाका. हे सगळं वर्षभरासाठी असेल असं एकमेकांना स्पष्ट सांगा आणि मुदत संपली की पुन्हा बसून ठरवा. तुमचा पगार तुमचा आहे आणि तो तुमचाच राहायला हवा. मुदतीशिवाय काढून घेतलेले व्यवहार बायकांना सहसा परत मिळत नाहीत, म्हणून हे आवर्जून लिहिते. लेबल न काढलेल्या साड्यांपैकी दुकानदार ज्या बदलून किंवा परत घेईल त्या द्या. एक-दोन मनापासून आवडलेल्या ठेवा आणि नेसा.

तुम्ही पतसंस्थेत आहात. रोज रोकड किंवा सोनेतारणाचं काम तुमच्या हातून होत असेल, तर काही महिन्यांसाठी दुसरं टेबल मागून घ्या. तुमच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण ताबा दुबळा झालेला असताना मोहाशेजारी आठ तास बसवणं हा तुमच्यावर अन्याय आहे. कारण सांगायला "औषध बदलतं आहे" एवढं पुरेल. पार्किन्सन्सचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा सवलत मागताना संकोच नको.

घरातलं किंवा नात्यातलं कोणी व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढेल. पुण्यात मुक्तांगणसारखी मोठी परंपरा आहे, आणि व्यसनात सापडलेल्यांसाठी त्या लोकांनी केलेल्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण तुमचं पहिलं दार ते नाही. गोळी तशीच चालू ठेवून नुसतं समुपदेशन केलं तर तुमचा आणि समुपदेशकाचाही शीण वाढेल. आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग त्यांच्या सल्ल्याने मानसोपचार. सोबतीसाठी पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे वयाने मोठी माणसं जास्त भेटतील, पण "गोळी उतरली" म्हणजे काय हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मुलीबद्दल थोडक्यात. तुमच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर त्यांतली एक तिच्याकडे गेलीच आहे. पण एका प्रतीने सहसा हा आजार होत नाही. तो होण्यासाठी यजमानांकडूनही बिघडलेली प्रत यायला हवी, आणि ते तुमच्या नात्यातले नसतील तर ती शक्यता फार कमी आहे. तुमच्या आईवडिलांच्या नात्यामुळे तुम्हा भावंडांत दोन्ही प्रती एकत्र आल्या, तो धागा तिच्यापाशी बहुतेक तुटला आहे. तिला आज कुठलीही तपासणी करायची गरज नाही. मोठी झाल्यावर तिला सगळं सांगा, आणि घराण्यातल्या घराण्यात लग्न करायची वेळ आली तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा, एवढं पुरे.

आणि तुमचा भाऊ. त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझं मन तिथे अडकलं. जनुक तेच, आजार तोच, म्हणजे बहुधा औषधही तेच. आजवर त्याला कोणी विचारलं असेल का? पुरुषांमध्ये हा त्रास खरेदीपेक्षा जुगारात आणि लैंगिक वागण्यात जास्त दिसतो, आणि घरातले त्याला "बिघडला" म्हणून मोकळे होतात. तुमची डॉक्टरांची भेट झाली की त्याला फोन करा. वहिनींना आधी नको, त्यालाच करा. चौकशी करायला गेलात तर तो नाहीच म्हणेल. आधी स्वतःचं सांगा: "दादा, माझ्या गोळीने मला साड्यांचं वेड लागलं होतं. डॉक्टर म्हणाले ते औषधाने होतं. तुला असं काही होतंय का?" एवढं बोलून थांबा आणि त्याला वेळ द्या. तो लगेच काही बोलला नाही तरी त्याच्या गोळीचं नाव आणि मात्रा विचारून घ्या, आणि तोही मनाने काही बंद करणार नाही एवढं वचन घ्या.